वैमानिकाचे घड्याळ आणि ते रंगवणारे हात

रिक्षाच्या मागच्या काचेवर मुलाबाळांची नावे चमकत असतात. गाडीचा दिवा पडला की अक्षरे एकदम उजळतात. आपण त्याला 'रेडियम' म्हणतो. "रेडियमवाल्याकडून नाव काढून आणले," असे सहज बोलून जातो. खरे पाहता त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसते. पडलेला उजेड ती परत फेकते, एवढेच. पण एक काळ असा होता की अंधारात चमकणाऱ्या वस्तूंत खरोखरचे रेडियम घातलेले असे. त्यातलीच एक नावाजलेली वस्तू म्हणजे लष्करी वैमानिकाचे मनगटी घड्याळ.

कोणी टपाल तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. तशीच महायुद्धांच्या काळातली आणि त्यानंतरची वैमानिकांची घड्याळे जमवणारी माणसे जगभर आहेत. चांगल्या स्थितीतल्या एका घड्याळाला आपल्याकडच्या कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी किंमत येते. मग आपला याच्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. ही घड्याळे रंगवणाऱ्या कामगार मुलींची कहाणी प्रत्येक कामगार कुटुंबाला ठाऊक असायला हवी. शिवाय जुनी घड्याळे उघडणारे, पुसणारे, रंगवणारे आणि भंगारात निवडणारे हात आजही आपल्याच वस्त्यांतले आहेत. त्या हातांना काही गोष्टी वेळेवर कळल्या पाहिजेत.

आभाळात घड्याळ कशाला?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुष घड्याळ खिशात ठेवत. मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पण विमान चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. त्याने खिशातून साखळी ओढून वेळ केव्हा पाहायची? ब्राझीलचे विमानविद्येतले अग्रणी आल्बर्तो सांतोस-द्युमाँ यांची हीच अडचण होती. त्यांचे मित्र लुई कार्तिए यांनी १९०४ साली त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ बनवून दिले. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या शिपायांनीही मनगटी घड्याळ बांधले आणि ते बायकांचे, हा समज मोडला.

वैमानिकाला घड्याळ लागते ते वाट शोधण्यासाठी. रात्री समुद्रावर उडताना खाली ना रस्ता, ना गाव, ना दिवा. अशा वेळी विमानातला मार्गदर्शक ताऱ्यांची उंची मोजून आपण कुठे आहोत ते काढत असे. पृथ्वी २४ तासांत एक फेरा घेते. म्हणजे एका तासात १५ अंश फिरते. हिशेब केला तर विषुववृत्तावर ४ सेकंदांत एक सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. घड्याळ एक मिनिट चुकले तर विमानाची जागा १५ सागरी मैलांनी, जवळजवळ २८ किलोमीटरनी चुकली. इंधन संपत आलेल्या विमानाला एवढी चूक म्हणजे मरण. म्हणून लष्कराने या घड्याळांसाठी कडक अटी घातल्या आणि त्या अटींतूनच त्यांचे रूप ठरले.

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीने आपल्या विमानदलासाठी बनवून घेतलेली घड्याळे तब्बल ५५ मिलिमीटर व्यासाची होती. लांबलचक चामडी पट्टा, जाड कोटावरून बांधता यावा म्हणून. चावी मोठी, हातमोज्यातूनही फिरवता यावी म्हणून. काळी डायल, पांढरे आकडे, आणि वरची बाजू झटकन कळावी म्हणून बाराच्या जागी त्रिकोण. लाको, स्टोवा, वेम्पे, लांगे आणि स्वित्झर्लंडची आयडब्ल्यूसी अशा पाच कंपन्यांची नावे या घड्याळांशी जोडलेली आहेत. यातली आयडब्ल्यूसी त्याच युद्धात ब्रिटिश लष्करासाठीही घड्याळे बनवत होती. देश तटस्थ, गिऱ्हाईक दोन्हीकडचे!

अमेरिकेच्या 'ए-११' घड्याळांत चावी बाहेर ओढली की सेकंदाचा काटा थांबे. उड्डाणापूर्वी सगळे जण काटे थांबवून उभे राहत आणि इशारा मिळताच एकदम चावी दाबत. मग प्रत्येकाच्या मनगटावर सेकंदासकट एकच वेळ. ही घड्याळे एल्जिन, वॉल्थम आणि बुलोव्हा या कंपन्यांनी बनवली.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने 'मार्क ११' नावाचे घड्याळ घेतले. ते आयडब्ल्यूसी आणि जेजर-लकुल्त्र या कंपन्यांनी बनवले. विमानातल्या यंत्रांच्या चुंबकत्वाने घड्याळ बिघडू नये म्हणून मशीनभोवती मऊ लोखंडाचे कवच बसवलेले. हवाई दलात ते १९४९ पासून दिले गेले आणि १९८१ पर्यंत वापरात राहिले. त्याच्या डायलवर आणि पाठीवर बाणाची खूण असते. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. वैमानिकाने घड्याळ वापरायचे, पण ते त्याच्या मालकीचे नाही. जमवणारे आधी ही खूण आणि पाठीवर कोरलेला भांडारातला क्रमांक पाहतात. मार्क ११ च्या पाठीवर '६बी/३४६' असतो.

उजेडाची किंमत कोणी चुकवली?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रात्री विमानात दिवा लावला तर वैमानिकाचे डोळे दिपतात, बाहेरचे दिसत नाही, आणि शत्रूला मात्र विमान दिसते. म्हणून काटे आणि आकडे स्वतःच मंद चमकले पाहिजेत. हे काम रेडियमने केले.

मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली रेडियम शोधले. रेडियममधून सतत किरण बाहेर पडतात. झिंक सल्फाइडच्या भुकटीत त्याचा कणभर अंश मिसळला की ती भुकटी हिरवट उजेड देऊ लागते. तिचा रंग करायचा आणि आकड्यांवर भरायचा.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी १९१७ साली असा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धाचे दिवस, सैनिकांच्या घड्याळांना आणि विमानातल्या यंत्रांना मोठी मागणी. कामाला घेतल्या त्या बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली. मजुरी डायलमागे. एकेक मुलगी दिवसाला अडीचशेच्या आसपास डायली रंगवी. आकडा बारीक, म्हणून कुंचल्याचे टोक बारीक हवे. ते टोक ओठांत धरून ओले करा, रंगात बुडवा, आकडा भरा, पुन्हा ओठांत धरा, असे त्यांना शिकवले होते. प्रत्येक वेळी रेडियमचा अंश पोटात जात होता. "यात काही धोका नाही ना?" असे मुलींनी विचारले तेव्हा "नाही" असे उत्तर मिळाले. त्याच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ मात्र शिशाच्या पडद्याआडून, चिमट्याने रेडियम हाताळत होते.

मुली हौसेने नखांना तो रंग लावत. रात्री घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे चमकत. लोकांना गंमत वाटे.

शरीराला रेडियम कॅल्शियमसारखेच वाटते. ते हाडांत जाऊन बसते आणि आतून हाड जाळत राहते. काही वर्षांतच मुलींचे दात पडू लागले. दात काढल्याची जखम भरेना. जबड्याचे हाड तुकड्यातुकड्यांनी निघून येऊ लागले. मॉली मॅजिया ही मुलगी १९२२ साली गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गुप्तरोगाचे. मेलेल्या मुलीच्या चारित्र्यावरही डाग! पाच वर्षांनी, १९२७ साली, तिचे शव उकरून तपासले तेव्हा तिची हाडे किरण सोडत होती. खरे कारण तेव्हा सिद्ध झाले.

ग्रेस फ्रायर या कामगार स्त्रीने कंपनीविरुद्ध दावा लावायचे ठरवले, पण दोन वर्षे वकीलच मिळेना. शेवटी तिच्यासह पाच जणी उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींना शपथेसाठी हातही वर उचलता येत नव्हता. १९२८ साली तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावी दुसऱ्या कंपनीतही हेच घडले होते. तिथल्या कॅथरिन डोनोह्यू यांची साक्ष १९३८ साली त्यांच्या घरी, त्यांच्या अंथरुणाशी घ्यावी लागली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी त्या वारल्या. कंपनीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, पण १९३९ साली तिथेही तिचे काही चालले नाही.

या बायकांच्या लढ्याचा उपयोग पुढच्यांना झाला. १९४१ साली अमेरिकेत माणसाच्या शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची मर्यादा ठरवली गेली. ग्रॅमचा एक कोटीवा भाग! ही मर्यादा ज्यांच्या अंगावरून शिकून ठरवली, त्या या डायल रंगवणाऱ्या बायका होत्या. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात डायली रंगवणाऱ्या कामगारांसाठी पूर्वीपेक्षा कडक खबरदारी घेतली गेली.

उजेड गेला, रेडियम राहिले

आज ते जुने घड्याळ अंधारात धरले तर बहुधा चमकणार नाही. मग रेडियम संपले असे कोणी समजू नये. संपली आहे ती झिंक सल्फाइडची ताकद. किरणांच्या माऱ्याने ते थकले. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. म्हणजे १९४० च्या सुमारास रंगवलेल्या डायलवर आजही शंभरातले ९६ भाग शिल्लक आहेत. दिवा विझला, निखारा तसाच आहे.

पुढे १९६० च्या दशकात रेडियमऐवजी ट्रिटियम वापरू लागले. ते साधारण १२ वर्षांत निम्मे होते, म्हणून साठ वर्षांत जवळजवळ संपते. त्याचे किरणही दुबळे. ब्रिटिश हवाई दलाने आपल्या कित्येक मार्क ११ घड्याळांच्या डायली त्या काळात बदलल्या आणि त्यांवर वर्तुळात 'टी' हे इंग्रजी अक्षर छापले. अमेरिकेच्या ट्रिटियमवाल्या काही लष्करी घड्याळांच्या पाठीवर तर 'किरणोत्सर्गी कचरा म्हणून विल्हेवाट लावा' अशी सूचनाच कोरलेली असते. आजच्या नव्या घड्याळांत चमकणारा रंग वेगळा आहे. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने आणलेल्या शोधातून तो आला. तो दिवसाचा उजेड साठवतो आणि रात्री देतो. त्यात किरणोत्सर्ग नाही.

जुने रेडियमचे घड्याळ कितपत घातक? बंद आणि धड घड्याळाची काच व डबी बरेचसे किरण अडवते. एक घड्याळ कपाटात आहे म्हणून घाबरून जायचे कारण नाही. खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, घड्याळ उघडून जुना रंग खरवडला की त्याची भुकटी श्वासातून आणि बोटांवरून पोटात जाते. त्या मुलींच्या बाबतीत झाले तेच. दुसरा, रेडियममधून रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू निघतो आणि बंद खोलीत साठतो. त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०१८ साली इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी अशी ३० लष्करी घड्याळे एकत्र ठेवून तपासली. खोलीतल्या रेडॉनचे प्रमाण त्या देशाने ठरवलेल्या सुरक्षित पातळीच्या १३४ पट भरले. म्हणजे हौसेने भरलेली पेटी झोपायच्या खोलीत ठेवणे शहाणपणाचे नाही.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

परदेशातले घड्याळ जमवणारे एक शब्द वापरतात. 'मुंबई स्पेशल'. जुने स्विस घड्याळ, त्याची डायल खरवडून नवा झगझगीत रंग दिलेला, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचे, आणि वर 'लष्करी' किंवा 'पायलट' असे नाव. अशी घड्याळे आपल्याकडून फार गेली, म्हणून हे नाव पडले. हा शब्द ते तुच्छतेने वापरतात.

आपण यात दोन गोष्टी वेगळ्या करू. जुन्याला खोटे रूप देऊन खरे म्हणून विकणे ही फसवणूकच आहे. तिची बाजू घ्यायचे कारण नाही. पण ज्याने भिंग डोळ्याला लावून, एका केसाच्या कुंचल्याने आकडे पुन्हा काढले, त्या कारागिराचा हात कमी दर्जाचा नाही. मागणी चमकेची होती, त्याने चमक दिली. नफा मधल्या व्यापाऱ्याचा आणि भुकटी कारागिराच्या छातीत. ऑरेंज गावच्या कारखान्यात याहून वेगळे काय होते?

आणि गंमत अशी की, ही चमक देऊन घड्याळाची किंमत वाढत नाही, उतरते. जाणकार माणूस जुनी, पिवळी पडलेली, डाग पडलेली मूळ डायलच मागतो. लष्करानेच बदललेली 'टी'ची डायल हा त्या घड्याळाच्या नोकरीचा भाग, म्हणून ती चालते. विक्रीसाठी रंगवलेली चालत नाही. डायल खरवडली की इतिहास गेला, किंमत गेली आणि कारागिराची तब्येतही गेली. तिन्हीकडून तोटा.

जपायचे कसे?

घरात जुने घड्याळ असेल, जुन्या बाजारात हाती लागले असेल, किंवा घरातला कोणी घड्याळ दुरुस्तीचे काम करत असेल, तर एवढे लक्षात ठेवा.

१. घड्याळ १९७० च्या आधीचे आहे आणि आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर रंग आहे, तर रेडियम असेल असेच धरून चाला. चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

२. असे घड्याळ घरी उघडू नका. रंग खरवडू नका, ब्रशने झाडू नका, फुंकर मारू नका. काच फुटलेली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि हात साबणाने धुवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका. रोज मनगटावर बांधू नका, उशाशी ठेवू नका. हवा खेळत असेल अशा जागी ठेवा.

३. दुरुस्ती करणाऱ्याला देताना "यात रेडियम असू शकते" हे आधी सांगा. दुरुस्ती करणाऱ्यांनी कामाच्या टेबलावर चहा-नाश्ता टाळावा, विडी-तंबाखू टाळावी. कुंचला किंवा कोणतेही हत्यार तोंडात धरू नये, ही तर सर्वांत पहिली शिस्त.

४. डबीला पॉलिश मारू नका. बाणाची खूण, क्रमांक, कोरलेली अक्षरे हीच घड्याळाची ओळख. पॉलिशने ती पुसट होते.

५. बदललेला सुटा भाग फेकू नका. छोट्या बंद पाकिटात, त्यावर नाव लिहून, घड्याळासोबत ठेवा. जुना पट्टाही ठेवा.

६. ज्या घड्याळात रेडियम नाही, त्याला अधूनमधून चावी द्या. वंगण वाळते, म्हणून काही वर्षांनी सर्व्हिसिंग करा. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या डब्यात टाका. स्पीकर आणि चुंबकापासून लांब ठेवा.

७. रेडियमचे घड्याळ भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका, जाळू तर मुळीच नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुने किरणोत्सर्गी यंत्र विकले गेले आणि ते तोडताना एका कामगाराचा जीव गेला, इतर काही जण भाजले. त्यातला पदार्थ कोबाल्ट होता आणि घड्याळातल्या रेडियमहून कितीतरी पटीने तीव्र होता. दोन्हींची बरोबरी नाही. पण न सांगता भंगारात दिलेल्या वस्तूची शिक्षा शेवटी कोणाला होते, हे त्यावरून कळते. किरणोत्सर्गी पदार्थांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. शंका असेल तर त्यांना विचारावे.

ज्याला हा छंद थोडक्या पैशांत करायचा आहे, त्याने परदेशी घड्याळांच्या मागे लागू नये. आपल्या सरकारी एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या चावीच्या घड्याळांत 'पायलट' नावाचे एक होते. काळी डायल, ठळक आकडे, १७ ज्वेलचे मशीन. घाट वैमानिकाच्या घड्याळाचा, पण घेणारी माणसे साधी नोकरदार. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. आता बाजारात रंगीबेरंगी डायलींची 'पायलट' पुष्कळ दिसतात. ती बहुतेक नव्याने रंगवलेली. खरे हवे असेल तर साधे, थोडे झिजलेले घ्या. त्याहून चांगले म्हणजे वडिलांचे, काकांचे, आजोबांचे कपाटात पडलेले घड्याळ काढा. त्यांनी ते कोणत्या पगारातून घेतले, कोणत्या पाळीला ते बांधून जात, हे विचारून एका वहीत लिहा. लिहून ठेवलेली माहिती असली की घड्याळाला मोल येते. नाहीतर ते नुसते यंत्र.

वैमानिकाच्या घड्याळावर कंपनीचे नाव असते, सरकारचा बाण असतो, भांडाराचा क्रमांक असतो. ज्या मुलीने आकडे भरले तिचे नाव कुठेही नसते. म्हणून ज्यांच्या संग्रहात असे घड्याळ असेल त्यांनी आपल्या वहीत ग्रेस फ्रायर, मॉली मॅजिया, कॅथरिन डोनोह्यू ही नावेही लिहून ठेवावीत. आणि आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी कुठल्याही कारखान्यात, दुकानात, गाळ्यात कामाला लागली, की पहिल्याच दिवशी विचारायला शिकवावे : हे जे मी हाताळतो आहे, ते काय आहे? साहेब ते हाताने उचलतो, की चिमट्याने?